मुलांच्या श्वासनलिकेची वाढ सीटी स्कॅनवरून मोजताना : कामाच्या नोंदी

बालरुग्णांच्या आधीच काढून झालेल्या सीटी स्कॅनवरून श्वासनलिकेचा व्यास, छेदाचे क्षेत्रफळ आणि लांबी मोजायची आणि ही मापे वयाबरोबर कशी वाढतात याचा आलेख काढायचा, एवढे काम आम्ही हाती घेतले होते. आम्ही म्हणजे मोजमाप आणि संगणकाची बाजू पाहणारा मी, एक बालरोग रेडिओलॉजिस्ट आणि एक भूलतज्ज्ञ. केवळ मोजण्यासाठी एकाही मुलाला क्ष-किरणांखाली ठेवायचे नाही, ही अट नैतिकता समितीने घालण्याआधीच आम्ही ठरवून टाकली होती. त्यामुळे जे स्कॅन हाती आले, त्यांच्या उणिवांसह काम करावे लागले. पुढील नोंदींत त्या उणिवा आणि आमच्या चुका शक्य तितक्या तपशिलाने लिहिल्या आहेत, कारण हेच काम दुसऱ्या कोणी हाती घेतले तर त्यांचे आठवडे याच जागी खर्च होतील.

९ जानेवारी

परवानगीला तीन आठवडे लागले. छातीचे आणि मानेचे मिळून १८६ स्कॅन यादीत आले. स्कॅनच्या वेळी श्वासनलिकेत नळी असलेली मुले, गळ्याला छिद्र करून श्वासमार्ग दिलेली मुले आणि श्वासनलिकेवर गाठीचा किंवा रक्तवाहिनीचा दाब असलेली मुले पहिल्याच दिवशी वगळली. नळी असलेल्या मुलांचे स्कॅन सोडणे जिवावर आले, कारण सर्वांत लहान बाळे त्यांतच होती. पण नळी आत असताना मोजलेला व्यास नळीने धरून ठेवलेला असतो, तो त्या बाळाचा स्वतःचा नसतो. यादीत १३१ उरले.

१६ जानेवारी

पहिला कच्चा आलेख काढला. त्यात अठरा वर्षे वयाच्या रांगेत जेमतेम सहा मिलिमीटर रुंदीची एक श्वासनलिका दिसली, तशाच आणखी चार. मी विभाजनात, म्हणजे स्कॅनमधून श्वासनलिका वेगळी काढण्याच्या कामात, चूक शोधत दोन दिवस घालवले. भूलतज्ज्ञ सहकाऱ्यांनी आलेखाकडे पाहताच सांगितले, "या रुंदीत चार-साडेचार मिलिमीटरची नळी बसेल. हे मूल दीड वर्षाचे असणार." तसेच निघाले. डायकॉम फाइलच्या, म्हणजे स्कॅन ज्या प्रमाण रूपात साठवतात त्या फाइलच्या, शीर्षभागात वय तीन अंक आणि एक अक्षर अशा रूपात असते, आणि ते अक्षर दिवस, आठवडे, महिने की वर्षे हे सांगते. माझी आज्ञावली फक्त अंक वाचत होती, त्यामुळे अठरा महिने अठरा वर्षे झाले.

ही चूक दुरुस्त करताना दुसरी अडचण उघड झाली. पुष्कळ फाइलींत वय पूर्ण वर्षांत होते, म्हणजे 'एक वर्ष' या नोंदीत बारा महिन्यांचे मूलही येते आणि तेवीस महिन्यांचेही. ज्या वयात वाढ सर्वांत वेगाने होते तिथे असली नोंद निरुपयोगी ठरते. जन्मतारीख तर ओळख पुसताना काढून टाकलेली होती. शेवटी नोंदणी विभागाला पुन्हा विनंती करून, जन्मतारीख आमच्याकडे न देता, स्कॅनच्या दिवशीचे वय दिवसांत काढून घेतले. यात नऊ दिवस गेले. ओळख पुसण्यापूर्वी वय दिवसांत काढून ठेवावे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी गर्भावस्थेचे आठवडेही त्याच वेळी मागून घ्यावेत.

२४ जानेवारी

आज लांबीत घोळ सापडला. स्वरतंतूंच्या खालपासून कॅरिनापर्यंतची, म्हणजे श्वासनलिका दोन श्वसनींत विभागते त्या जागेपर्यंतची, लांबी काही मुलांत बरोबर दुप्पट येत होती. कारण साधे होते. त्या स्कॅनमध्ये प्रत्येक काप १.२५ मिलिमीटर जाडीचा, पण दोन कापांतील अंतर ०.६२५ मिलिमीटर, म्हणजे काप एकमेकांवर अर्धे चढलेले होते, आणि मी कापांची संख्या जाडीने गुणत होतो. आता जाडीचा आकडा वापरतच नाही. प्रत्येक कापाचे अवकाशातील स्थान फाइलमध्ये लिहिलेले असते, त्यावरून लगतच्या कापांतील अंतर काढतो. असे केल्यावर तीन स्कॅनमध्ये मधलेच काप गहाळ असल्याचेही कळले. मानेच्या दोन जुन्या स्कॅनमध्ये यंत्राची चौकट तिरकी ठेवलेली होती, आणि ती तिरपाई न सुधारता काप एकावर एक रचले की संपूर्ण मान एका बाजूला सरकलेली दिसते. ते दोन्ही बाजूला ठेवले.

२ फेब्रुवारी

एकाच मुलाचा, एकाच वेळी घेतलेला स्कॅन, पण पुनर्रचना दोन प्रकारे केलेली : एक फुप्फुसासाठीच्या तीक्ष्ण कर्नलने, दुसरी मऊ ऊतींसाठीच्या कर्नलने. कर्नल म्हणजे चित्र किती तीक्ष्ण किंवा मऊ काढायचे हे ठरवणारी गणिती गाळणी. दोहोंवरून क्षेत्रफळ वेगवेगळे आले. तीक्ष्ण कर्नल कडा उठावदार करतो आणि तसे करताना कडेच्या दोन्ही बाजूंचे आकडे खऱ्यापेक्षा पुढे ढकलतो. डोळ्याला ते चित्र अधिक स्वच्छ वाटते, मोजण्यासाठी मात्र ते फसवे असते. सर्व मोजमाप मऊ कर्नलवरच करायचे आणि काप १.२५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर स्कॅन घ्यायचा नाही, असे ठरवले.

या निर्णयाची किंमत मोठी होती. जुन्या स्कॅनचे पातळ काप साठवणुकीत ठेवलेलेच नव्हते, फक्त पाच मिलिमीटरचे जाड काप शिल्लक होते. १३१ पैकी ८८ उरले.

१३ ते २२ फेब्रुवारी

हा आठवडा संपूर्ण कामात सर्वांत उपयोगी ठरला. खरे म्हणजे याच आठवड्याने कामाची सुरुवात व्हायला हवी होती.

सीटीमध्ये घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. हवेचा आकडा उणे १००० आणि पाण्याचा शून्य असतो. मधली कड मात्र धूसर असते. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या आकड्याच्या खाली सर्व हवा मानायचे ती सीमा, कुठे ठरवतो यावर व्यास अवलंबून राहतो. आम्ही तोवर उणे ७०० धरून चाललो होतो, कारण त्या आकड्यावर विभाजन नीटनेटके दिसत असे. तो आकडा बरोबर आहे की नाही, हे ज्याचे माप आधीच ठाऊक आहे अशा वस्तूवर तपासणे आवश्यक होते.

प्रथम भूल देताना वापरतात त्या श्वासनलिकेच्या नळ्याच घेतल्या. त्यांवर आतला व्यास छापलेला असतो, आणि ३.० पासून ७.० पर्यंतच्या नळ्या सहज मिळाल्या. त्या पाण्यात बुडवून, आत हवा ठेवून स्कॅन केल्या. दोन दिवस वाया गेले, कारण नळीचे प्लास्टिक ऊतीपेक्षा घन असते आणि क्ष-किरणात दिसावी म्हणून नळीच्या लांबीभर जी रेघ असते ती तर त्याहूनही घन. कडेवरची चढण मुलाच्या श्वासनलिकेतल्यापेक्षा निराळी, त्यामुळे तिथून मिळालेला थ्रेशोल्ड मुलांना लावता येत नाही.

मग आगरचा ठोकळा केला. पोलादी गोल सळया, तीन ते चौदा मिलिमीटर जाडीच्या, कॅलिपरने मोजून, तेलाचा हात फिरवून डब्यात आडव्या लावल्या आणि त्यांवर आगर ओतले. घट्ट झाल्यावर सळया काढल्या की मागे ठाऊक असलेल्या व्यासाची भोके राहतात आणि भिंत पाण्याच्या जवळपासच्या घनतेची मिळते. पहिला ठोकळा रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी स्कॅन केला. आगर सुकून आक्रसले होते आणि भोके लंबगोल झाली होती. दुसऱ्या ठोकळ्यात सळया सरळ ओढल्या, तेव्हा मागे पोकळी निर्माण होऊन बारीक भोकांच्या भिंती आत खेचल्या गेल्या. तिसऱ्या वेळी सळई हळूहळू फिरवत बाहेर काढली आणि तासाभरात स्कॅन केला, तेव्हा ठोकळा कामाचा झाला.

त्याही ठोकळ्यात तीन मिलिमीटरचे भोक गोल दिसेना. मोठे करून पाहिले तर खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी करडी पट्टी होती. भोकात तेलकट पाण्याचा थेंब तळाशी पसरून बसला होता आणि विभाजनाने त्याला भिंत समजून घेतले होते. हे पाहताच रेडिओलॉजिस्ट सहकाऱ्यांनी आमचे आधीचे चार स्कॅन पुन्हा उघडले. पाठीवर झोपलेल्या मुलाच्या श्वासनलिकेत कफ असाच मागच्या भिंतीवर साचतो, आणि त्या चारही स्कॅनमध्ये आम्ही कफाची वरची रेषा मागची भिंत म्हणून मोजली होती. तेव्हापासून मागची कड खालीवर दहा काप पाहून ठरवतो. कफ काही कापांनंतर संपतो, भिंत संपत नाही.

मोजणीचा निष्कर्ष असा निघाला. उणे ७०० वर प्रत्येक भोक, लहान असो वा मोठे, सुमारे अर्धा मिलिमीटर अरुंद मोजले जात होते. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण चार मिलिमीटर व्यासाच्या छेदात अर्धा मिलिमीटर कमी धरला की क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी घटते, आणि चौदा मिलिमीटरच्या छेदात फक्त ७ टक्क्यांनी. म्हणजे बाळाची श्वासनलिका आम्ही फार लहान दाखवत होतो आणि किशोराची जवळजवळ बरोबर. त्यामुळे आलेखातला वाढीचा चढ मुळात आहे त्यापेक्षा तीव्र दिसत होता, आणि तो जास्तीचा चढ सर्वस्वी आमच्या मोजपट्टीचा होता. दोन महिन्यांचे काम रद्द केले.

उणे ५०० वर मोठी भोके बरोबर आली, मात्र तीन आणि चार मिलिमीटरची थोडी लहानच राहिली, कारण इतक्या अरुंद जागेत मधोमधही धूसरपणामुळे आकडा उणे १००० पर्यंत उतरत नाही. म्हणून आता एकच आकडा सर्वांना लावत नाही. प्रत्येक छेदात मध्यभागाचा सर्वांत कमी आकडा आणि भोवतालच्या ऊतीचा आकडा घेऊन त्यांच्या मध्यावर कड धरतो. हे हाताने करणे कंटाळवाणे असते, म्हणून छोटी आज्ञावली लिहिली. तिला चार दिवस लागले.

६ मार्च

विभाजनासाठी थ्री-डी स्लायसर ही संगणकप्रणाली आणि मध्यरेषेसाठी त्यातलेच जोडसाधन वापरतो. दोन्ही मोफत मिळतात. श्वासनलिकेत बिंदू टाकून हवा पसरत नेली की लहान मुलांत ती पातळ श्वसनीच्या भिंतीतून फुप्फुसात गळते, आणि शेजारच्या अन्ननलिकेत हवा असली तर कधी तिकडेही जाते. कॅरिनाच्या थोडे खाली हाताने बांध घालणे हा सर्वांत भरवशाचा उपाय ठरला.

आडव्या कापावर थेट क्षेत्रफळ मोजू नये. श्वासनलिका वरून खाली जाताना मागे झुकते, आणि तिरक्या नळीचा आडवा छेद नेहमी खऱ्यापेक्षा मोठा येतो. तीस अंशांच्या तिरपाईला १५ टक्के, पंचेचाळीस अंशांना ४१ टक्के. डाव्या मुख्य श्वसनीत हे फार महागात पडते. आम्ही मध्यरेषेला काटकोनात छेद घेतो, पण मध्यरेषा जास्त गुळगुळीत केली तर ती वळणे कापत जाते आणि लांबी घटते. गुळगुळीत करण्याचे प्रमाण प्रत्येक स्कॅनला वेगळे ठेवण्याचा मोह होतो. आम्ही ते एकदा ठरवून सर्वांना तेच ठेवले.

१८ ते ३० मार्च

सतरा क्रमांकाच्या मुलाचे दोन स्कॅन आमच्याकडे आहेत, चौदा महिन्यांचे असताना एक आणि त्यानंतर एकोणीस महिन्यांनी दुसरा. एकाच मुलाची वाढ प्रत्यक्ष दाखवणाऱ्या जोड्या आमच्याकडे मोजक्याच असल्याने या जोडीवर आमची फार भिस्त होती. नव्या पद्धतीने मोजले तर छातीतील श्वासनलिकेचे क्षेत्रफळ दुसऱ्या स्कॅनमध्ये पहिल्यापेक्षा कमी आले. एकोणीस महिन्यांत मूल वाढले होते आणि श्वासनलिका आकुंचन पावली होती.

वय तपासले, कापांतील अंतर तपासले, कर्नल तपासला. माझे माप मी झाकून ठेवले आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे मोजले. आकडे जुळले. नंतर दोन्ही स्कॅनमधला कॅरिनाच्या दोन सेंटिमीटर वरचा छेद शेजारी शेजारी ठेवला. पहिल्यात मागची पडद्यासारखी भिंत बाहेर किंचित फुगलेली होती आणि छेद गोलाकार होता. दुसऱ्यात तीच भिंत आत शिरली होती आणि छेद चंद्रकोरीसारखा झाला होता. फुप्फुसांची घनताही दुसऱ्या स्कॅनमध्ये स्पष्टपणे जास्त होती. पहिला स्कॅन श्वास आत असताना आणि दुसरा श्वास सोडताना झाला होता. लहान मुलांची श्वासनलिका मऊ असते, छातीतला भाग श्वास सोडताना अरुंद होतो, आणि या वयाच्या मुलाला श्वास रोखून धर असे सांगता येत नाही.

त्यानंतर सर्व ८८ स्कॅन, वय आणि माप झाकून, श्वास आत, श्वास बाहेर आणि अनिश्चित अशा तीन गटांत विभागले. मागच्या भिंतीचा आकार आणि फुप्फुसाची घनता या दोन्ही खुणा जुळल्या तरच गट द्यायचा असा नियम ठेवला. ६१ स्कॅन वापरण्याजोगे राहिले. वगळलेल्यांत तीन वर्षांखालील मुलेच जास्त, हे सर्वांत वाईट.

यावर उपाय म्हणून सर्वांत लहान वयासाठी क्रिकॉइड कूर्चेच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या कड्याच्या, पातळीवरचे माप मुख्य धरायचे ठरले. श्वासमार्गात पूर्ण कडे असलेली कूर्चा हीच एक, त्यामुळे श्वासाबरोबर तिचा आकार बदलत नाही. या मापाला इतिहास आहे. मुलांचे स्वरयंत्र नरसाळ्यासारखे असते आणि क्रिकॉइडपाशी सर्वांत अरुंद असते, ही समजूत एकेनहॉफ यांच्या १९५१ च्या लेखाने रूढ झाली आणि तिचा आधार बेयू यांनी १८९७ मध्ये मृत मुलांच्या श्वासमार्गाच्या प्लास्टर साच्यांवरून घेतलेली मापे हा होता. प्लास्टरच्या दाबाने स्वरतंतूंसारखे मऊ भाग ताणले जातात, कूर्चेचे कडे तसे ताणले जात नाही. लिटमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गुंगीच्या औषधाखाली असलेल्या, स्वतः श्वास घेणाऱ्या मुलांच्या एमआरआयवरून मोजले तेव्हा आडवी रुंदी स्वरतंतूंपाशी सर्वांत कमी निघाली. म्हणून आम्ही 'सर्वांत अरुंद जागा' असा शब्द तक्त्यात ठेवला नाही. पुढून मागचे माप, आडवे माप आणि पातळी असे तीन स्वतंत्र रकाने केले.

अडचण अशी की छातीचा स्कॅन बहुधा फुप्फुसांच्या टोकापासून सुरू होतो, मुलांच्या थायरॉइडला विनाकारण किरण लागू नयेत म्हणून तसेच व्हायलाही हवे. क्रिकॉइड फक्त मानेच्या स्कॅनमध्ये दिसते. तसे २७ आहेत.

५ एप्रिल

मी आणि रेडिओलॉजिस्ट सहकारी यांच्या मापांची तुलना केली. परस्परसंबंधाचा गुणांक एकच्या अगदी जवळ आला आणि आम्हाला आनंद झाला, पण तो टिकला नाही. बाळापासून किशोरापर्यंतची मुले एकाच आलेखात असली की कोणत्याही दोन मोजणाऱ्यांचे आकडे सोबतच चढतात, कारण मोजण्याची वस्तूच तिप्पट रुंद होत जाते. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने दोघांच्या मापांतील फरक मोजला तेव्हा मी क्रिकॉइडपाशी सातत्याने जास्त रुंदी मोजतो हे दिसले. मी कड्याच्या खालच्या काठावर मोजत होतो, सहकारी मध्यावर. पातळीची व्याख्या चित्रासह लिहून काढली आणि सर्व २७ स्कॅन दोघांनी पुन्हा मोजले. अकरा तास.

१९ एप्रिल

आलेखाच्या तळाशी वय ठेवावे की उंची, यावर बराच वाद झाला. श्वासनलिका शरीराच्या आकाराबरोबर वाढते, त्यामुळे उंची अधिक योग्य वाटते. पण उंचीची नोंद निम्म्याहून कमी मुलांची मिळाली. वजन मात्र बहुतेकांचे होते, कारण कॉन्ट्रास्ट औषधाची मात्रा वजनावर ठरते. शिवाय किशोरवयात उंची अपुरी पडते. ग्रिस्कम आणि वोल यांनी १९८६ मध्ये सीटीवरून मोजलेल्या मापांत, मुलग्यांची उंची थांबल्यावरही श्वासनलिकेची रुंदी काही काळ वाढत राहिलेली दिसते. त्यामुळे मुले आणि मुली वेगळे ठेवले, वय मुख्य धरले आणि उंची असेल तिथे दुसरा आलेख काढला.

२८ एप्रिल

दंतोपचारासाठी काढलेले कोन-बीम सीटी, म्हणजे शंकूच्या आकाराच्या किरणझोताने काढलेले स्कॅन, आमच्या यादीत मिसळण्याची सूचना आली. संख्या एकदम वाढली असती, तरी नकार दिला. त्या यंत्रातील करडे आकडे हाउन्सफील्ड एककाशी बांधलेले नसतात, त्यामुळे आगरच्या ठोकळ्यावर ठरवलेले काहीही तिथे लागू पडत नाही. बहुधा मूल त्यात बसलेले किंवा उभे असते. जिभेची जागा, मानेची ठेवण आणि गिळण्याची क्रिया यांनी घशाची पोकळी बदलते. त्या स्कॅनवर वेगळे काम करता येईल, आणि तेव्हा ठोकळाही त्याच यंत्रात ठेवून सुरुवात करावी लागेल.

८ मे

वेळेचा हिशेब मांडला. एकूण ३१० तासांपैकी अंतिम आकडे देणारी मोजणी ७० तासांत झाली. बाकीचे तास परवानगी, वयाची दुरुस्ती, रद्द झालेली पहिली मोजणी आणि श्वासाची गटवारी यांत गेले. पुन्हा करायचे झाल्यास पहिल्या आठवड्यात ठोकळा, दुसऱ्या आठवड्यात श्वासाची गटवारी आणि नंतरच विभाजन, असा क्रम ठेवीन.

सतरा क्रमांकाच्या मुलाचे दोन्ही स्कॅन तक्त्यात आहेत. पहिल्यापुढे 'श्वास आत, आलेखात घेतला' आणि दुसऱ्यापुढे 'श्वास बाहेर, आलेखात नाही' असे लिहिले आहे. मूल आता बरे आहे आणि त्याला आणखी स्कॅनची गरज नाही, असे त्याच्या डॉक्टरांनी कळवले. ती जोडी अपुरीच राहील.